मोराचा पत्रा

खूप वर्षांपूर्वीची, घाटातले रस्ते अजून नुसत्या दगडांचे होते तेव्हाची ही गोष्ट.

डोंगराळ राज्यातला एक राजा दर हिवाळ्यात रथांची शर्यत भरवत असे. पायथ्याच्या माळावरून निघायचे आणि घाट चढून वरच्या देवळापाशी पोहोचायचे. एक अट मात्र होती. प्रत्येकाने आपल्या घरातले सगळ्यांत वयस्कर माणूस रथात बसवायचे. राजा म्हणे, म्हातारे माणूस ज्यात निर्धास्त बसू शकत नाही, तो रथ कसला? पहिल्या येणाऱ्याला मानाचा फेटा मिळे. ज्याचा रथ राजाला पसंत पडे, त्याच्या भट्टीला राजाच्या सगळ्या रथांचे काम मिळे.

त्या राज्यात एक लोहाराची मुलगी होती. वडील गेल्यापासून तिची भट्टी बहुतेक वेळा थंडच असे. बापाचा हात पोरीला कुठून येणार, असे म्हणून लोक आपले काम शहरात नेत. काम आले नाही तर येत्या वर्षी भट्टी मोडून टाकावी लागणार होती.

गोठ्यामागे चिंचेखाली वडिलांचा जुना रथ पडून होता. लाकडी सांगाड्यावर लोखंडी पत्रे ठोकलेले. त्यात आता कोंबड्या अंडी घालत. मुलीने आणि तिच्या धाकट्या भावाने कोंबड्यांना हुसकले आणि रथ उचलला, तर गंजाचे पापुद्रे पायांवर पडले. तळाला एवढी भोके होती की खालचे गवत दिसत होते.

भावाने बराच विचार केला. मग म्हणाला, "ताई, भोकांत लाख आणि विटेची पूड भरू. वरून शेंदरी रंग देऊ. घाटात कोण वाकून बघणार आहे?"

"घाट बघतो," ती म्हणाली.

तिने लहान हातोडी घेतली आणि एकेक पत्रा ठोकून पाहू लागली. चांगले लोखंड खणखणत होते. कुजलेले भद्द वाजत होते. जिथे भद्द वाजे तिथे ती छिन्नी लावी आणि चकाकते लोखंड लागेपर्यंत कापत जाई. मग नवा पत्रा घडवून बसवी, खिळे ठोकी, जवसाचे तेल चोळी. रथ ठिगळांच्या गोधडीसारखा दिसू लागला. गावातले लोक येता-जाता हसत. ती हसण्याकडे लक्ष देत नसे. आपला हात बरोबर चालला आहे, हे तिला आवाजावरून कळत होते.

शेवटी समोरचा पत्रा उरला. त्यावर वडिलांनी ठोकून काढलेला मोर होता. मान उंचावलेला, तुरा वाऱ्यावर असल्यासारखा. याच पत्र्याला रथाची दांडी जोडलेली होती आणि दांडीला घोडे जुंपायचे होते.

त्या पत्र्यावर मात्र तिने हातोडी मारली नाही. मोराच्या पोटाखालच्या बारीक भोकांत तिने गुपचूप लाख भरली.

भावाने ते पाहिलेच. "माझी लाख मोराला चालते वाटतं," तो म्हणाला.

"मोराचं वेगळं आहे," ती म्हणाली आणि त्याला पाणी आणायला पाठवले.

चिंचेवर एक सुतारपक्षी राहत होता. तो खाली आला, मोराच्या छातीवर चोचीने टकटक केले, मान वाकडी करून ऐकले आणि म्हणाला, "आत काही उरलेलं नाही."

"तुला लाकडातलं कळतं," मुलगी म्हणाली. "हे लोखंड आहे."

"कुजल्याचा आवाज मला कशातही कळतो," पक्षी म्हणाला आणि उडून गेला. तिने तो विषय मनातून काढून टाकला.

शर्यतीच्या दिवशी माळावर रथांची रांग लागली. शहरातल्या एका बड्या कारागिराचा लाल रथ सगळ्यांत देखणा होता. त्यात त्याचे आजोबा उशीला टेकून बसले होते. मुलीची आई ठिगळांच्या रथात चढली. बसताना तोल सावरायला तिने मोराची मान घट्ट धरली.

मुलगी त्या हाताकडे बघत राहिली. नगारा वाजला. आता दुसऱ्यांदा वाजला की सुटायचे. तिने हत्यारांच्या पेटीतली हातोडी काढली आणि मोरावर मारली.

भद्द.

"आई, उतर," ती म्हणाली.

"ताई, आत्ता? अगं, सुटतीलच सगळे," भाऊ म्हणाला.

आई सावकाश उतरली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "पण पोरी, तुझ्या बाबांनी मोर एका संध्याकाळीत काढला होता. पत्रा मनासारखा घडेपर्यंत मात्र कित्येक रात्री मला जेवायला ताटकळत ठेवलं होतं. ते असते तर त्यांनी हा पत्राच आधी कापून टाकला असता."

दुसरा नगारा झाला आणि बाकीचे रथ धुरळा उडवत गेले. मुलीने छिन्नी घातली. पत्र्याचा भुगा झाला, तुऱ्याचा तेवढा तळहाताएवढा तुकडा राहिला. तो तिने आईच्या हातात दिला. जादा म्हणून आणलेला साधा पत्रा तिने मोजून कापला, दांडी पक्की जोडली, पुन्हा ठोकून ऐकले आणि मगच लगाम हातात घेतला.

अर्ध्या घाटात, उभ्या चढावर, लाल रथ आडवा पडलेला दिसला. दांडी पत्र्यासकट उपटून निघाली होती. रंगाखालून लाख आणि विटेची पूड रस्त्यावर सांडली होती. कारागीर घोड्यांमागे धावला होता. त्याचे आजोबा दगडावर बसून सगळ्या जगावर चिडले होते, पण त्यांना कुठे लागले नव्हते. मुलीने त्यांनाही आपल्या रथात घेतले. चढ तसाच उभा होता आणि ओझे वाढले होते, पण रथ कुरकुरला नाही.

ती देवळापाशी पोहोचली तेव्हा फेटा कुणाच्या तरी डोक्यावर बांधून झाला होता. राजाने देवळाच्या पायऱ्या उतरून पाहिले, तर ठिगळांच्या रथात दोन म्हातारी माणसे गप्पा मारत होती.

"आजोबा, तुम्ही तर लाल रथात होतात," राजा म्हणाला.

"होतो," म्हातारा म्हणाला. "घाट उतरायचा तो मात्र याच रथातून. नाहीतर मी इथेच देवळात राहीन."

राजा हसला. मग त्याने रथाचा एकेक पत्रा स्वतः ठोकून पाहिला. सगळे खणखणले. राजाच्या सगळ्या रथांचे काम त्याच दिवशी त्या मुलीच्या भट्टीला मिळाले आणि भट्टी पुन्हा रोज पेटू लागली.

मोराचा तुरा आता भट्टीच्या दारावर ठोकलेला आहे. तिथे त्याला कुठलेच ओझे ओढायचे नाही. सुतारपक्षी अधूनमधून येऊन त्यावर बसतो.

तात्पर्य : जे आपल्याला सगळ्यांत प्रिय असते, ते सगळ्यांत आधी पारखून घ्यावे.