नारोपंतांचा शब्द

समुद्रकाठच्या एका राज्यात चीनमधल्या कँटन बंदराचा व्यापारी आला, तेव्हा राजाने दुभाषी म्हणून अंबूताईंना बोलावलं. नवऱ्याच्या व्यापारापायी त्यांची उमेदीची वर्षं कँटनमध्येच गेली होती. दरबारचे जुने दुभाषी नारोपंत यांच्या अंगाची लाही लाही झाली. राजा त्या बाईचं बोलणं कान देऊन ऐकायचा; पंतांचं तसं कधीच ऐकलं नव्हतं.

अखेर भर दरबारात पंत म्हणाले, "महाराज, ही बाई लबाडीनं इथवर आली. हिला ती भाषा येतच नाही. लबाडीनं काम साधण्याला तिकडे काय म्हणतात, सांगू दे!"

अंबूताई म्हणाल्या, "परीक्षेत चोरून उतरवलं, तर मांजर सोडलं म्हणतात. कष्ट न करता डाव साधला, तर ‘थाउ गै’. म्हणजे कोंबडी चोरली."

"मांजर! कोंबडी!" पंत खदखदून हसले. "मनचं सांगते आहे!"

"मग खरा शब्द तुम्ही सांगा," राजा म्हणाला.

पंतांना त्या भाषेतलं एक अक्षरही येत नव्हतं. पण आता माघार कशी घ्यायची? त्यांनी छाती फुगवून नाकातून एक लांबलचक आवाज काढला. व्यापाऱ्याला वाटलं, शिंक आली. त्याने अदबीने रुमाल पुढे केला.

अंबूताईंनी हात जोडले. "महाराज, पंतांना शब्द येत नाही. अर्थ मात्र त्यांनी आत्ताच करून दाखवला."

दरबार हसून लोटपोट झाला. दुभाष्याची जागा राजाने तिथेच अंबूताईंना दिली. जागा गेल्याचं दुःख पंतांना होतंच. पण इतकं नेमकं उत्तर आपल्याला जन्मात सुचलं नसतं, हे त्यांना त्याहून जास्त जाळत राहिलं.