एका रंगाच्या दोन खाचा

एकदा एक संगणक दुरुस्त करणारा वृद्ध कारागीर होता. नाव विचारू नका. गाव लहान आहे आणि या गोष्टीतली माणसं अजून तिथे राहतात. बसस्थानकामागे चष्म्याच्या दुकानाच्या वर त्याची एक खोली होती आणि तीस वर्षं त्याने तिथे बसून लोकांची यंत्रं उघडली आणि मिटली. त्याच्या हाताची ख्याती अशी, की यंत्र घेऊन आलेला माणूस निम्मी काळजी जिन्यातच ठेवून वर यायचा.

त्याच्या दोन सवयी सगळ्यांना माहीत होत्या. मदरबोर्डबरोबर खोक्यात माहितीपुस्तिका येते, ती तो उघडत नसे. "ती नवशिक्यांसाठी," असं म्हणायचा. आणि काम संपलं की बटण दाबून, पडद्यावर आकडे उमटले की गिऱ्हाइकाकडे वळून विचारायचा, "चालतंय ना? मग झालं." हे वाक्य ऐकून लोक समाधानाने घरी जात. मीही एकदा गेलेलो आहे.

त्याच्या हाताखाली चार वर्षांपासून एक शिष्या होती. तिशीची असेल. काम निर्दोष, पण अतिशय सावकाश. प्रत्येक स्क्रू दोनदा तपासायची, मदरबोर्डवर छापलेली बारीक अक्षरं वाचत बसायची. म्हातारा तिला गोगलगाय म्हणायचा. "काय गोगलगाय, आज पोचणार की उद्या?" तीही हसायची. "माझा हातच मंद आहे, काका," असं ती आपला रक्तगट सांगावा तितक्या सहजपणे सांगायची.

तिचा हात मंद आहे हे ठरलं कसं, ते आधी सांगतो.

सात वर्षांपूर्वी ती चित्रं काढत असे. एकावर एक हजारो चित्रं काढून ती संगणकात हलती करायची. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कलासंस्थेत प्रवेशासाठी तीन मिनिटांची अशी चित्रफीत पाठवायची होती. वयाच्या अटीमुळे तिला ती शेवटची संधी होती. वडील तिला घेऊन याच कारागिराकडे आले आणि त्याने तिच्यासाठी नवं यंत्र बांधलं. ती म्हणाली, "काका, माझं काम जड आहे. वेग मिळेल ना?"

म्हातारा ऐटीत म्हणाला, "अगं, प्रोसेसरकडून मेमरीकडे दोन रस्ते जातात. एका रस्त्यावर एक पट्टी आणि दुसऱ्यावर दुसरी बसवली की दोन्ही रस्ते एकदम धावतात. याला ड्युअल चॅनल म्हणतात. तुला दुहेरी रस्ता करून देतो, जा!" मदरबोर्डवर मेमरीच्या चार खाचा होत्या, दोन निळ्या आणि दोन काळ्या. एका रंगाच्या दोन खाचांत पट्ट्या बसवायच्या, हा धंद्यातला रिवाज. त्याने दोन्ही पट्ट्या निळ्या खाचांत दाबल्या, बटण दाबलं, पडद्यावर सोळा जीबी दिसले. चालतंय ना? मग झालं.

तिने चार महिने चित्रं काढली. मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिने सगळी चित्रं जोडून चित्रफीत बनवायला लावली. ते काम यंत्राचं, तिथे माणसाने फक्त वाट बघायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मुदत संपली तेव्हा पडद्यावर शेकडा शहाऐंशी लिहिलेलं होतं.

ती म्हणाली, यंत्रात काहीतरी खोट आहे. वडील बिचारे यंत्र उचलून पुन्हा जिना चढले. म्हाताऱ्याने बटण दाबलं, सोळा जीबी दाखवले आणि म्हणाला, "यंत्र चोख आहे. मुलीने सुरुवातच उशिरा केली असणार." घरी येऊन वडील तिला म्हणाले, "यंत्राच्या माथी खापर फोडू नकोस. तुझ्या हातालाच वेग नाही, बाळ." ते रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर ती भांडली तरी असती. तिने यंत्र खोक्यात घातलं आणि त्यानंतर पेन्सिल हातात धरली नाही. तीन वर्षांनी, पोटासाठी काहीतरी हवं म्हणून, ती त्याच म्हाताऱ्याकडे काम शिकायला आली. पुढे वडील गेले.

आता गोष्टीच्या दिवसाकडे येऊ. बियाण्यांचा एक व्यापारी आपलं जुनं यंत्र घेऊन आला. त्याच्या मेमरीच्या पट्ट्या जळाल्या होत्या आणि त्या जातीच्या पट्ट्या आता नव्या मिळत नाहीत. शिष्या म्हणाली, "काका, माझं घरचं जुनं यंत्र पडूनच आहे. त्यातल्या काढून देऊ. कुणाच्या तरी कामी येतील." दुपारी ती ते खोक्यासकट घेऊन आली.

म्हाताऱ्याने झाकण काढलं. पट्ट्यांची जात कोणती ते बघायला त्याने भिंग लावलं, कारण डोळे आता पूर्वीचे राहिले नव्हते. भिंग पट्टीवरून सरकून खाचेशेजारच्या बारीक अक्षरांवर गेलं आणि तिथेच थांबलं. बराच वेळ तो वाकून होता. मग हात पुढे करून म्हणाला, "पुस्तिका."

पुस्तिका खोक्याच्या तळाशी होती, प्लास्टिकचं वेष्टनही न फाडलेली. त्याने ते नखाने फाडलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. चार वर्षांत शिष्येने त्याला वाचताना पाहिलं नव्हतं. तिला गंमत वाटली. "काका, नवशिके झालात काय?"

त्याने एक पट्टी उपसली आणि पलीकडच्या काळ्या खाचेत बसवली.

"तुझी ती चित्रफीत अजून आहे यात?"

"असेल. का?"

"उद्या सकाळी नऊला लाव. तेव्हा लावली होतीस तशीच्या तशी. काही बदलू नकोस."

"कशाला पण? सात वर्षं झाली, काका! आता कुणाला पाठवायची आहे?"

"लाव म्हणतो ना."

व्यापारी खुर्चीतून म्हणाला, "अहो, माझ्या पट्ट्या?" म्हाताऱ्याने त्याला परवा यायला सांगितलं. तो कुरकुरत जिना उतरला.

शिष्येला वाटलं, म्हाताऱ्याचं वय झालं. पण गुरूने सांगितलं ते करायचं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी नऊ वाजता यंत्र कामाला लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून म्हातारा दुसरं कोणतंही काम न करता त्या पडद्यासमोर बसून होता. बारा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर शंभर आकडा आला.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. तेव्हाची मुदत संध्याकाळी पाचची होती.

"दाखव," म्हातारा म्हणाला.

चित्रफीत लागली. दारोदार फिरणारा एक कल्हईवाला होता. काळी पडलेली पातेली तो विस्तवावर धरायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि पातेल्याच्या तळातून एकेका बाईचा विसरलेला चेहरा वर यायचा. अखेरच्या पातेल्यात त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. तो अखेरचा तुकडा तयार झालेला शिष्येने कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

चित्रफीत चांगली होती. हेच फार वाईट झालं. भिकार असती तर दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं असतं.

व्यापारी मध्येच येऊन दारात उभा राहिला होता. म्हणाला, "चालतंय की यंत्र! मग तोंडं का अशी?" असं म्हणून तो बाकावर बसला.

शिष्या म्हणाली, "काका, काय होतं ते?"

"या मदरबोर्डच्या कंपनीचा रिवाज उलटा आहे," म्हातारा म्हणाला. "एका रंगाच्या दोन्ही खाचा एकाच रस्त्यावर. पंगतीत दोन वाढपी असावेत आणि दोघांनी एकाच रांगेत वाढावं, तसं झालं. पलीकडची रांग उपाशी बसलेली. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं आहे. मी उघडली नाही."

ती एकदम ताडकन उभी राहिली. "मग मला का सांगितलंत? झाकण लावायचं होतं! पट्ट्या काढून यांना द्यायच्या होत्या आणि खोका भंगारात टाकायचा होता. मला कळलंसुद्धा नसतं. मी विसरले होते सगळं. आणि बाबा? बाबा गेले ते माझी पोर मंद आहे असं समजून गेले. त्यांना कोण सांगणार आता? तुम्ही सांगणार?"

मग म्हातारा बोलला, आणि ते बोलणं मी जसं ऐकलं तसं सांगतो.

"झाकण हातात घेतलं होतं मी. खोटं कशाला बोलू? लावणारच होतो. मग मनात आलं, उद्या तू येशील आणि मी तुला पुन्हा गोगलगाय म्हणेन. ते माझ्याच्याने झालं नसतं. बाई, यंत्राने मला फसवलं नाही. मी विचारलं, मेमरी किती आहे? त्याने सांगितलं, सोळा. अगदी खरं सांगितलं. दोन्ही पट्ट्या मिळून काम करतायत का, हे मी विचारलंच नाही. तीस वर्षं मी फक्त मोजदाद केली आणि तिला तपासणी म्हणत आलो. तुझा बाप हात जोडून विचारायला आला, तेव्हाही मी आकडाच दाखवला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून त्याने तुझ्यावर ठेवला नाही. जे गेलं ते मला परत आणता येत नाही. माफी मागून तुझं वय कमी होणार नाही. पण एक गोष्ट तुझी नसताना मी तुझ्या पदरात टाकली होती, ती काढून घेणं माझं काम आहे. मंद मी होतो. तू वेळेवर होतीस."

शिष्येने पदर डोळ्यांना लावला नाही, आवाज चढवला नाही. ती फक्त म्हणाली, "सात वर्षं मी ते माझं म्हणून सांभाळलंय, काका. त्याच्यावरच उभी होते. आता तुम्ही ते काढून घेतलंत. मी उभी कशावर राहू?"

ती चप्पल घालून निघून गेली.

तीन दिवस ती आली नाही. म्हाताऱ्याने दुकानाला कुलूप लावलं. त्या कंपनीची तशी यंत्रं त्याने आणखी अकरा घरांत बसवली होती, सगळी त्याला आठवत होती. गुडघे धरत तो एकेक जिना चढला. चार यंत्रं भंगारात गेली होती. एक माणूस वारला होता. बाकीच्यांनी त्याला चहा दिला आणि हसून म्हणाले, "अहो काका, चालतंय की! कशाला त्रास घेता?" प्रत्येक घरी हेच वाक्य त्याला ऐकावं लागलं, आणि ते सगळ्यांना त्यानेच शिकवलेलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि शिष्या आली. तिने आपल्या यंत्रातल्या दोन्ही पट्ट्या काढल्या. बाकावर येऊन बसलेल्या व्यापाऱ्याचं यंत्र पुढे ओढलं. त्याची पुस्तिका केव्हाच हरवली होती, म्हणून तिने भिंग घेतलं आणि मदरबोर्डवरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लागली. म्हातारा शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसून ऐकत होता. त्या स्टुलावर चार वर्षं ती बसत असे.

पट्ट्या बसल्या. बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला. व्यापारी उठून उभा राहिला, पिशवी उचलली आणि म्हाताऱ्याकडे बघून म्हणाला, "चालतंय ना? मग झालं!"

शिष्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "थांबा. अजून बघायचंय."

"अजून काय बघायचं? किती वेळ?"

म्हातारा स्टुलावरून म्हणाला, "शेठ, बसा. तिला लागेल तेवढा वेळ लागेल."

व्यापारी बसला. तिने आपल्या गतीने सगळं तपासलं. अर्धा तास लागला असेल.

ही गोष्ट सांगितली की श्रोते हटकून विचारतात, तिने पुन्हा चित्रं काढली का? नाही काढली. तसा शेवट मला आवडला असता, पण तसं झालं नाही. तिचं यंत्र, मेमरीच्या चारही खाचा रिकाम्या, त्या खोलीत फळीवर ठेवलेलं आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे कुणाचं? तेव्हा म्हातारा सांगतो, "माझं."

आपल्या शब्दावर विसंबून एखादा बाप आपल्या मुलीला मंद म्हणणार असेल, तर आकडा बघून मान डोलवण्यापूर्वी आपण पुस्तिका उघडलेली असावी, इतकंच.