अत्तराचा फाया आणि नदीचा तळ

फार जुनी गोष्ट आहे. एका मोठ्या नदीच्या काठी नावाड्यांचा एक संघ होता. नदी बारमाही, पण पाणी गढूळ. हातभर खाली काय आहे ते दिसत नसे. आणि तळ तर लहरी. आज जिथं खोल डोह, तिथं महिन्याभरानं वाळूचा उंचवटा, आणि जिथून काल नाव सुखानं गेली तिथं आज एखादा दगड उघडा पडलेला. अशा नदीवर एकट्या नावाड्याचं शहाणपण किती पुरणार?

म्हणून या संघानं एक रीत पाडली होती. अमावास्येला कुणी नाव पाण्यात घालायची नाही. त्या दिवशी दुपार कलली की सगळ्यांनी घाटावरच्या करंजाखाली जमायचं आणि एकेकानं उठून तळ सांगायचा. कुठं वाळू सरकली, कुठं भोवरा धरू लागलाय, कुठं काठीला काय लागलं. याला ते 'तळ सांगणं' म्हणत. जो बोलेल त्याचं बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. संघ म्हणजे एवढंच. ना मोठी इमारत, ना ध्वज.

रायाजी आबांनी हा संघ उभ्या हयातीत सांभाळला. पुढं गुडघे दुखू लागले, तेव्हा त्यांनी प्रमुखपण आपल्या शिष्याला, केरबाला दिलं. केरबा तडफदार. माणसं जोडणारा, गोड बोलणारा, आणि खरं सांगायचं तर थोडा हुरळणारा. आपल्या हातून संघाचं काहीतरी भलं व्हावं, लोकांनी आपलं नाव घ्यावं, असं त्याला मनापासून वाटे. त्यात वाईट काय आहे? काही नाही. पण अशाच माणसाच्या दारात व्यापारी येऊन उभा राहतो.

तसा तो आला. शहरातला मोठा व्यापारी. अत्तरं, सुगंधी तेलं, नक्षीच्या चौकटीचे आरसे, जरीच्या टोप्या. केरबाला म्हणाला, "प्रमुखसाहेब, तुमच्या माणसांनी जन्मभर उन्हातान्हातच राबायचं का? त्यांनाही हौस असेल. मी बाजारात देतो त्याहून स्वस्तात देईन, पण फक्त सभासदांना. तुम्ही बैठकीत मला थोडा वेळ द्या. मी तुम्हाला करंजाखाली छान फरशी घालून देतो."

'साहेब' हा शब्द केरबाला त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी लावला होता. 'फक्त सभासदांना' हे शब्दही त्याला फार आवडले. आपल्यालाही आवडतातच की!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. व्यापारी लबाड नव्हता. अत्तर अस्सल होतं, आरशात चेहरा स्वच्छ दिसत होता आणि फरशीही त्यानं शब्द दिल्याप्रमाणे घातली. पहिल्या बैठकीला तो शेवटी बोलला, तळ सांगून झाल्यावर. पुढच्या खेपेला त्याला ऊन उतरायच्या आत निघायचं होतं, म्हणून मध्येच बोलला. त्याच्या पुढच्या खेपेला केरबाच म्हणाला, "शेठ, तुम्ही लांबून येता, तुमचं आधी होऊन जाऊ द्या." कुणाला काही खटकलं नाही. उलट, इतके दिवस कुरकुरत येणारे तरणे नावाडीही आता वेळेवर येऊ लागले. केरबा आबांना अभिमानानं सांगे, "आबा, बैठक कशी भरतेय बघा!" आबा म्हणत, "भरतेय खरी."

मग एका अमावास्येला व्यापाऱ्यानं सगळ्यांना अत्तराचा एकेक फाया फुकट वाटला. प्रत्येकानं तो रिवाजाप्रमाणे कानाच्या वरच्या घडीत खोवला. आबांपुढं तबक आलं तेव्हा त्यांनी दोन फाये उचलले, हुंगून 'वा!' म्हणाले आणि सगळ्यांदेखत एक उजव्या कानात, एक डाव्या कानात, चांगले आत दाबून बसवले. मग हात मांडीवर ठेवून शांतपणे बसून राहिले.

माणसं एकमेकांकडं बघून हसली. म्हातारपण आहे, चालायचंच. केरबाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यासमोर हा काय प्रकार! व्यापारी भला माणूस, त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि आरसे उघडले. आरसे हातोहाती फिरू लागले, टोप्या डोक्यावर चढल्या. नंतर तळ सांगायची वेळ आली, एकदोघे घाईघाईनं बोलले, आणि वरच्या वाडीची सगुणाबाई उठली.

सगुणाबाई नवऱ्यामागं त्याची नाव चालवत असे. बोलणं हळू, कमी. ती बोलू लागली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं बोला, बाई!" ती पुन्हा बोलली. मग खाली बसली, आणि बैठक मोडल्यावर पायवाटेनं आपल्या वाडीला निघून गेली.

सगळे पांगल्यावर केरबा आबांपाशी आला. तो चिडला होता. त्यानं स्वतःच्या हातानं आबांच्या कानांतले फाये काढले. "आबा, तुम्हाला माझं काही पटत नसेल तर तोंडावर सांगा. चारचौघांत माझी अशी शोभा कशाला केलीत?"

"शोभा कसली? सगळ्यांच्याच कानात फाया होता. माझ्या जरा आत होता, इतकंच."

"थट्टा नको, आबा. तुम्हाला बैठकीतलं एक अक्षरही ऐकू आलं नसेल."

"नाही आलं," आबा म्हणाले. "पण सगुणाचं तोंड हललेलं पाहिलं मी. दोनदा बोलली पोरगी. हातानं काहीतरी दाखवत होती. तुझे कान तर मोकळे होते ना? मग सांग मला, ती काय म्हणाली?"

केरबा आठवू लागला. काय म्हणाली बरं ती? त्या वेळी त्याच्या हातात एक जरीची टोपी होती, एवढंच त्याला आठवलं. घाटावर रेंगाळलेल्या तिघाचौघांना त्यानं विचारलं. कुणी म्हणे वाळूचं काहीतरी, कुणी म्हणे नाव दुरुस्तीचं. एक जण म्हणाला, "ती काही बोलली का?"

"उद्या सकाळी जाऊन विचारून येतो," केरबा ओशाळून म्हणाला.

"उद्या सकाळी हैबतीची नाव निघायची आहे ना?" आबांनी विचारलं.

हैबती म्हणजे केरबाचा धाकटा भाऊ. खालच्या गावी बारसं होतं, आणि पाळण्यासकट पाहुणे मंडळींना तो पोचवणार होता. केरबानं वाडीच्या वाटेकडं पाहिलं. पण दिवस मावळला होता, सगुणाबाईची वाडी लांब, आणि काहीतरी किरकोळच असेल अशी मनाची समजूत घालायला माणसाला वेळ लागत नाही. तो घरी गेला, आणि हैबतीलाही थांब म्हणाला नाही.

सकाळी उजाडताच तो वाडीवर पोचला. सगुणाबाई आपली नाव सोडत होती.

"काल तुम्ही बैठकीत काय सांगितलंत?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "म्हणजे? तुमच्यासमोरच तर सांगितलं, दोनदा. बाभळीचं अख्खं खोड वाहून आलंय आणि खालच्या वळणावर उजव्या अंगाला रुतलंय. हातभर पाण्याखाली. दिसत नाही, पण टोक वर रोखलंय. नाव गेली तर फाटेल."

"हैबती तिकडंच निघालाय," केरबा म्हणाला.

"मग बोलत काय बसलात? चढा!"

दोघांनी जोर लावून वल्ही मारली. वळणाजवळ आले तर पुढं हैबतीची नाव दिसली. बायका पाळण्याची गाणी म्हणत होत्या. केरबा जीव तोडून ओरडला, "डावीकडं घे! हैबती, डावीकडं!" पण गाण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? नाव एकदम थबकली, वर उचलली गेल्यासारखी झाली आणि कलंडली.

देवाची कृपा म्हणा, नाहीतर सगुणाबाईची. तिची नाव जवळ होती म्हणून माणसं वाचली. एकेकाला धरून वर ओढलं, दोन म्हाताऱ्यांना हैबतीनं पोहत आणून दिलं. रिकामा पाळणा तरंगत बराच पुढं गेला. बाळ आईपाशी खालच्या गावातच होतं, म्हणून पाळणा रिकामा होता. तो बघून मात्र केरबा हमसून हमसून रडला. हैबतीची नाव, त्यांच्या वडिलांनी बांधलेली, पाण्याखाली गेली ती गेलीच.

काठावर कुडकुडत बसलेला हैबती म्हणाला, "दादा, तू स्वतःला दोष नको देऊस. मी होतोच की बैठकीत. ही बाई माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. मी आरसा बघत होतो."

त्या संध्याकाळी केरबा आबांच्या ओसरीवर जाऊन बसला. मग केरबा म्हणाला, "त्या व्यापाऱ्याला मी पुन्हा घाटावर पाय ठेवू देणार नाही."

"त्यानं काय केलं?" आबा म्हणाले. "तो विकायला आला होता, विकून गेला. माल चांगला आहे त्याचा. मला तर ते अत्तर आवडलं. मी घेणार आहे बाजारातून."

"मग चूक कुणाची?"

"बाळा, ही माणसं कामं टाकून त्या झाडाखाली का येऊन बसतात? तुझं तोंड बघायला नाही, नि माझंही नाही. ज्याला जे दिसत नाही ते दुसऱ्याकडून ऐकायला येतात. त्या ऐकण्यावर त्यांचा जीव टांगलेला असतो, त्यांच्या नावेत बसणाऱ्यांचाही. व्यापाऱ्याला गर्दी कुठंही मिळाली असती. पण विश्वासानं कान उघडून बसलेली माणसं त्याला बाजारात कुठून मिळणार? ती इथं मिळाली. ते कान तू त्याला दिलेस. ते तुझे नव्हते रे, केरबा. माझेही नव्हते. सांभाळायला दिले होते. आणि बैठकीत बोललेलं सगळंच काहीतरी विकण्यासाठी असतं, असं एकदा का माणसाला वाटू लागलं, की तो कान झाकून घ्यायला शिकतो. मग सगुणाही त्याला फेरीवालीच वाटते."

केरबा खाली मान घालून ऐकत होता. उठताना त्यानं आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "हैबतीला नवी नाव बांधायला संघानं हात लावावा. ते आपलं काम आहे."

पुढच्या अमावास्येला व्यापारी पेट्या घेऊन आला. केरबानं त्याला हात जोडले, पाणी दिलं आणि म्हणाला, "शेठ, पलीकडं बाजाराची जागा आहे. तिथं दुकान मांडा, मी स्वतः येईन घ्यायला. इथं मात्र आता फक्त नदीचं बोलणं होईल." व्यापारी समजूतदार होता. त्यानं पेट्या उचलल्या. जाताना त्यानं फरशीकडं पाहिलं, तसा केरबा म्हणाला, "फरशीचे उपकार आहेत तुमचे. पण माणसं अजून नदीसाठीच येतात."

त्या दिवशी बैठक थोडी विरळ भरली. तरण्या पोरांतले काही आलेच नाहीत. केरबानं सगुणाबाईला पहिल्यांदा बोलायला सांगितलं. ती उठली, पदर सावरला आणि नेहमीसारखं हळूच बोलू लागली. कुणी 'मोठ्यानं बोला' म्हटलं नाही. बसलेला एकही माणूस हलला नाही. शेवटच्या ओळीत हैबती बसला होता. तो मान हलवत होता, आणि तिनं सांगितलेली खूण तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून बघत होता.

तिचा आवाज काही वाढला नव्हता. तो पहिल्यापासून तेवढाच होता, आणि तेवढा पुरेसा होता.

आपणही कुठल्या ना कुठल्या संघाचे, मंडळाचे, संस्थेचे सभासद असतो, आणि काही जण प्रमुखही असतात. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा एवढंच बघा, की आपल्यातली सगुणाबाई कितवी बोलते.