सुरी की वाटी

“...ते सगळं खरं, पण मामा, या दोघींतली चांगली कुठली?”

श्रीरंगराव फणसळकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन्ही वेळी हैबतीमामा तंबाखू मळत होते. तिसऱ्या वेळीही मळतच होते.

दोघांच्या मध्ये गवतावर गोल्फच्या दोन काठ्या आडव्या पडल्या होत्या. दोन्ही कोऱ्या, दोन्ही सात नंबरच्या. दोन्हींचं पोलाद घडीव, म्हणजे साच्यात ओतलेलं नव्हे. तापवून, ठोकून आकाराला आणलेलं. असल्या काठ्या नवशिक्याला कुणी देत नाही, कारण त्याला फरकच कळत नाही.

एकीची पाठ सपाट, अंग सडपातळ, वरची कड पात्यासारखी. दुसरीची पाठ आतून कोरलेली आणि वजन कडेकडेला नेऊन ठेवलेलं. दुकानात त्यांना हातभर लांब इंग्रजी नावं होती. मैदानावर काठ्या वाहणाऱ्या कॅडींनी पाच मिनिटांत बारसं उरकलं. पहिली सुरी, दुसरी वाटी.

सुरीचा स्वभाव असा, की बॉल मधोमध बसला तर हाताला लागतसुद्धा नाही. लोण्यातून गेल्यासारखी जाते. पण अर्धं बोट इकडंतिकडं झालं, की कोपरापर्यंत झिणझिण्या आणि बॉल पंधरा यार्ड अलीकडे. वाटी तसली चूक पोटात घालते. बॉल चार-पाच यार्ड कमी जातो, पण बिचारा जातो.

“वही काढू का?” श्रीरंगरावांनी विचारलं. “सहा दिवसांचं सगळं टिपून ठेवलंय. आवाज, उंची, ओल्या गवतातून कशी निघते, पडल्यावर बॉल किती घरंगळतो... वाटीचा कोन मुळात तीन अंश उभा होता. म्हणून ती लांब मारत होती, तिचं कर्तृत्व काही नाही. मी दोन्ही सारख्या कोनावर वाकवून आणल्या. आता तुलना अगदी चोख.”

“बॉलला वाचता येतं व्हय, साहेब?”

वही खिशातच राहिली.

हे मैदान घाटमाथ्यावरच्या एका जुन्या छावणीतलं. नऊच भोकांचं. श्रीरंगरावांचा पंपांचा कारखाना, वय बावन्न, हँडिकॅप तीन, म्हणजे खेळ जवळजवळ बिनचूक. क्लबचा चषक चार वेळा त्यांच्या नावावर. गेली अकरा वर्षं अख्ख्या क्लबात सुरीच्या जातीच्या पात्यानं खेळणारा हा एकच माणूस, आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला विसरू दिली नव्हती. जेवताना मीठ मागावं तितक्या सहज ते सांगत, “आम्ही आपले पात्यानंच खेळतो बुवा.”

जुन्या सेटच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. नवा घ्यायलाच हवा होता. दुकानानं दोन सेट आठवडाभर वापरायला दिले होते. आज अकरा वाजता दुकानाचा माणूस येऊन त्यातला एक परत नेणार होता.

आणि रविवारी चषकाचा अंतिम सामना. समोर डॉक्टर लतिका मोघे. दातांच्या डॉक्टर, वय एकतीस. हातात वाटीच्याच जातीची काठी.

हैबतीमामा मात्र कुठल्याच काठीचे नव्हते. ते आगेवाला. म्हणजे साहेब लोक इकडून मारणार, आणि बॉल पडतो तिथं पुढं उभा राहून तो शोधून ठेवणारा माणूस. शेचाळीस वर्षं त्यांनी एवढंच केलं होतं. त्यांच्याबद्दल काय काय सांगतात. एका ब्रिगेडियरसाहेबांचा बॉल घारीनं हवेतल्या हवेत झेलला, तेव्हा मामांनी नुसत्या हाताच्या खुणेनं घारीकडून तो हिरवळीवर ठेवून घेतला म्हणे. ब्रिगेडियरसाहेब हे शपथेवर सांगत. घारीचं म्हणणं कुणी विचारलं नाही.

श्रीरंगराव पहिल्या वर्षी त्यांना “ए हैबती” म्हणत. पहिला चषक मिळाल्यावर “हैबतीमामा”. चौथ्यानंतर नुसतं “मामा”, आणि अहोजाहो. मामा पहिल्या दिवसापासून “साहेब”च म्हणत होते.

“मामा, दहा वाजून गेले...”

मामांनी तंबाखू ओठाखाली सरकवली. मग चुन्याची डबी पुढं केली.

“दोघींच्या तोंडाला पुसट लावा.”

श्रीरंगरावांना कळलं. चुना लावलेल्या पोलादावर बॉल जिथं आपटतो, तिथं गोल ठसा उमटतो. मधोमध लागला की कडेला, ते दिसतं. परदेशात याला फवारा मिळतो. इथं डबी.

“मी तिकडं पुढं जाऊन बसतो,” मामा म्हणाले. “तुमच्याकडं पाठ करून. दहा एकीनं मारा. झाले की शीळ घाला. मी गोळा करून पुन्ना बसतो. मंग दहा दुसरीनं.”

“पाठ करून का?”

“मारनाऱ्याचं तोंड दिसलं की निकाल तोंड बघून लागतो. मला बॉल पडल्याला दिसला, बास.”

“आणि आधी कुठली मारू?”

“ते मला सांगू नका.”

मामा निघाले. सव्वाशे यार्डांवर एक रिकामा डबा उपडा घातला आणि त्यावर बसले, इकडं पाठ. बॉल त्यांच्या डोक्यावरून जाऊन त्यांच्यासमोर पडणार. असं बसायला एक तर मारणाऱ्यावर विश्वास लागतो, नाही तर आयुष्याचा कंटाळा. मामांना कंटाळा आलेला कुणी पाहिला नव्हता.

श्रीरंगरावांनी आधी वाटी उचलली. कारण साधं होतं. सकाळचे पहिले दहा बॉल अंग आखडलेलं असताना जातात. ते तिला. अंग मोकळं झाल्यावरचे दहा सुरीला. याला लबाडी म्हणायचं नाही, क्रम म्हणायचा.

वाटीनं दहा गेले. तीन बरे, पाच ठीक, दोन टोकाला लागलेले. ते दोनही गेले तसे, थोडे लाजत. श्रीरंगरावांनी फारसं पाहिलंही नाही. शीळ घातली.

मामा उठले, वेचले, झोळीत टाकले, पुन्हा बसले.

मग सुरी.

पहिला बॉल असा सुटला, की श्रीरंगरावांना वाटलं आपण मारलाच नाही, तो आपणहून निघाला. दुसराही तसाच. तिसरा, चौथा, पाचवा... एकाच रेषेत. दूर मामांची पाठ जराही हलली नाही. ‘बघा म्हणावं,’ श्रीरंगराव मनात म्हणाले, ‘फणसळकर अजून आहेत.’

सहाव्याला कट्ट् आवाज झाला.

कोपरापर्यंत झिणझिण्या. बॉल उजवीकडे, खाली, बाभळीकडे.

श्रीरंगरावांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. एक टिटवी होती, पण ती दुसरीकडे बघत होती.

‘हा धरायचा नाही,’ ते स्वतःशी म्हणाले. ‘पाय सरकला.’

गोल्फ खेळणाऱ्या माणसाचा पाय जगात सगळ्यात जास्त सरकतो. फुटपाथवर नाही, जिन्यावर नाही, फक्त तिथंच.

पुढचे दोन चांगले गेले. त्यानंतरचा पुन्हा कट्ट्. पुन्हा बाभळ.

‘हाही नाही. वारा आला.’

वारा खरंच आला असावा. पान हललं नाही इतकंच.

शेवटी मनासारखे दहा पुरे झाले. श्रीरंगरावांनी सुरी उलटी करून तोंड पाहिलं. मधोमध दहा ठसे, एकमेकांवर चढलेले, रुपयाएवढ्या जागेत. आणि टोकाला दोन, वेगळे, चांगले ठळक.

त्यांनी अंगठ्यानं ते दोन पुसले. डबीतून चिमूटभर चुना घेऊन वरून सारखा लावला. हात इतका सफाईदार चालला, की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग शीळ घातली.

मामा आले. खांद्यावर दोन झोळ्या. त्या गवतावर ठेवल्या.

“बघा मामा,” श्रीरंगरावांनी दोन्ही काठ्या पुढं धरल्या. आवाज न्यायाधीशासारखा. “आता मी सांगत नाही, तोंडच सांगतंय. ही वाटी. ठसे चहूकडे, जत्रेत हरवल्यासारखे. ही सुरी. दहाच्या दहा मधोमध. अजून काही बोलायला हवं?”

मामांनी सुरीचं तोंड जवळ घेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“झ्याक हाय.”

“मग झालं तर! सुरी ठेवतो. वाटी परत.”

“ठेवा.”

मामांनी काठी खाली ठेवली. झोळ्यांकडे हात केला.

“पहिल्या झोळीत दहा हायत.”

“हो.”

“दुसरीत बारा.”

श्रीरंगरावांनी अंगठा पँटला पुसला. चुना काही लवकर जात नाही.

“त्यातले दोन... धरायचे नाहीत, मामा.”

“बरं.”

मामांनी दुसरी झोळी उपडी केली. बारा बॉल गवतावर घरंगळले आणि थांबले. सगळे पांढरे, एकाच खोक्यातले.

“न धरायचे दोन उचला.”

श्रीरंगराव वाकले. एक उचलला, फिरवून पाहिला, परत ठेवला. दुसरा उचलला. त्यावर गवताचा हिरवा डाग होता. मग दिसलं, की डाग पाचांवर आहे. तोही ठेवला.

ते वाकलेलेच राहिले.

“सगळे सारखेच दिसतात,” ते शेवटी म्हणाले.

“व्हय. मला बी.”

“मामा, तुम्हाला कळायचं नाही ते.” श्रीरंगराव सरळ झाले. आवाजातला न्यायाधीश आता घरी गेला होता. “रविवारी सगळा क्लब बाल्कनीत असणार. त्या लतिका मोघेसमोर मी वाटी घेऊन उभा राहिलो, तर काय म्हणतील? फणसळकर उतरले. आता चुका पोटात घालणारी काठी लागते त्यांना. अकरा वर्षं, मामा... अकरा वर्षं ते सगळे बघतायत.”

“रविवारी बघतील.”

“तेच म्हणतोय मी!”

“आज कोन बघत हुतं?”

श्रीरंगरावांनी टिटवीच्या जागेकडे पाहिलं.



टिटवी केव्हाच उडून गेली होती.

तेवढ्यात फाटकाबाहेर स्कूटर थांबली. दुकानाचा माणूस घाम पुसत आत आला. दोन्ही सेट झाडाला टेकवून ठेवलेले होते. त्यानं एकदा एका पिशवीकडे पाहिलं, एकदा दुसरीकडे.

“साहेब, कुठला नेऊ?”

श्रीरंगरावांनी मामांकडे पाहिलं. मामा दूर कुठंतरी पाहत होते, बॉल पडायची वाट पाहावी तसे.

मग श्रीरंगरावांनी सुरी उचलली. टॉवेलनं तिचं तोंड स्वच्छ पुसलं, चुन्याचा कणही ठेवला नाही. काठी तिच्या पिशवीत सरकवली, चेन लावली, आणि पिशवी स्वतःच्या हातानं त्या माणसाच्या खांद्यावर दिली.

“हा ने.”

“पातं परत, साहेब?” तो माणूस चकित झाला. “आम्हाला वाटलं, तुम्ही तर...”

“ने म्हटलं ना.”

स्कूटर सुरू झाली. पिशवीतून काठ्यांचा किणकिणाट आला, वळणावर थोडा मोठा झाला, मग बंद पडला.

श्रीरंगरावांनी मोठा श्वास सोडला. छातीवरची जड वस्तू कुणी उचलून नेल्यासारखं त्यांना वाटलं. डोळ्यांच्या कडा ओलावल्या. क्लबच्या व्हरांड्यात चार माणसं चहा घेत होती, त्यांच्या देखत ते वाकले आणि त्यांनी मामांच्या पायांना हात लावला. शेचाळीस वर्षांत या मैदानावर कुठल्याही साहेबानं हे केलं नव्हतं. चहाचे चार कप हवेत थांबले.

“सुटलो, मामा,” ते म्हणाले. “गेली एकदाची. आता लोक काय म्हणायचं ते म्हणोत.”

मामा एक पाऊल मागं सरले.

मग ते खाली बसले. गवतावरच्या बारा बॉलमधून दोन उचलले, हाताला आले ते. पायजम्याला पुसले. श्रीरंगरावांचा हात धरून तळव्यावर ठेवले, आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली.

“सुरी तर गेली, साहेब. आता ह्ये दोघं कुटं जातील?”