बाबांकडचा समुद्र

किनाऱ्यावर माणसाचं पाऊल उमटलं नव्हतं त्या काळी, एका पुळणीवरचे खेकडा आणि खेकडीण वेगळे झाले. त्यांचं पिल्लू चिंगू कुणाकडे राहणार यावरून नांगीला नांगी लागली. शेवटी वर्षातून एकदाच किनाऱ्यावर येणाऱ्या कासवीणबाईंनी निवाडा दिला, ‘भरतीला आईकडे, ओहोटीला बाबांकडे.’ आणि त्या समुद्रात निघून गेल्या.

आईच्या बिळापाशी नेहमी लाटा. बाबांकडे नेहमी चिखल, आणि बाबा त्यातलं काहीबाही वेचत बसलेले.

“बाबांकडे समुद्रच नाही. मी नाही जाणार आता,” चिंगू म्हणाला. आईला खरं ठाऊक होतं, पण ऐकायला बरं वाटलं, म्हणून ती गप्प राहिली.

मग आईची कवच टाकायची वेळ आली, नवं कडक होईपर्यंत तिला एकटीनं लपून राहायचं होतं, आणि एक भरती चिंगूला बाबांकडेच काढावी लागली. बघतो तर दारात लाटा!

“बाबा, आईचा समुद्र चोरलात तुम्ही?”

“अरे, तो रोजच येतो. तो यायला लागला, की तू निघतोस.”

पाणी ओसरताच चिंगू आईकडे धावला. तिच्या दारात चिखल होता, आणि त्यात अंग झाकून ती बसली होती, बाबांसारखीच एकटी.

“आई, तुझ्याकडेपण ओहोटी असते?”

“असते की. तेव्हा तू इथे नसतोस.”

पुढच्या भरतीला चिंगू दोन्ही बिळांच्या मधे थांबला. कुठे जायचं ते कळेना. लाट आली, ती एकच होती, आणि दोन्ही दारांत एकदमच शिरली.