पाणपोईचा पाझरता रांजण

भक्तहो, कुसळवाडीच्या मारुतीच्या पारावर दयागीर महाराज मुक्कामाला होते, तेव्हाची ही हकीकत. आरतीआधी ज्याने त्याने आपली एक चूक मोठ्याने सांगावी, असा महाराजांचा परिपाठ होता. दुसऱ्याची नव्हे, आपली! गावचे हैबतराव पाटील मात्र आरती सुरू झाल्यावरच येत. सटवाजी कुंभार रोज न चुकता आपली चूक सांगे, ते कानावर आले की पाटील त्याला हसत, "सटव्या, तुझ्या चुका भाजायला दुसरी भट्टी लाव!"

अक्षय्य तृतीयेला पारापाशी पाणपोई सुरू होई. तिला रांजण देण्याचा मान सटवाजीच्या घराण्याचा. त्या वर्षी पाटलांनी हुकूम सोडला, "माती आमच्याच मळ्यातली घ्यायची." सटवाजीने ती घेतली.

सणाच्या सकाळी बायकांनी रांजण भरला आणि तो दोन जागी पाझरू लागला! पाटील कडाडले, "उद्यापासून हा मान परगावच्या कुंभाराला!" सटवाजीच्या पायांखालची जमीनच सरकली. वाडवडिलांचा मान तो!

महाराज शांतपणे म्हणाले, "सटवाजी, तुझी आजची चूक सांगायची राहिली रे."

सटवाजीने हात जोडले. "महाराज, माती चोपण हाय, खारवट; तिचा रांजण टिकायचा न्हाई, हे हात लावताच कळलं हुतं. पाटलांच्या भ्यानं बोललो न्हाई. चूक माझीच."

काय नवल सांगावे! एक पाझर जागीच सुकला. दुसरा मात्र ठिबकतच राहिला.

"म्या समदं सांगितलं, महाराज!" सटवाजी कळवळला.

"तुझं झालं," महाराज म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

पाटलांना ते ठिबकणे ऐकवेना. आधी त्यांना राग आला, मग तो दिवस आठवला, आणि मान खाली गेली.

"महाराज, यानं मातीची मूठ माझ्यापुढं धरली होती. काही सांगणार होता. माझ्या मळ्यातल्या मातीनं पाणपोईला माझं नाव लागावं म्हणून मी त्याला बोलूच दिलं नाही."

दुसरा पाझरही थांबला! पाटलांनी पागोटे काढून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराज म्हणाले, "अहो, ज्याचं ऐकलं नाही त्याला विचारा आता."

पाटलांनी पहिला तांब्या भरून सटवाजीच्या हाती दिला. "सटवाजी, पुढच्या वर्षी माती कुठली घ्यायची?"

सटवाजी पोटभर पाणी प्यायला. मग पाटलांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "वढ्याकडची, पाटील. तुमच्या मळ्यातली नगं."

पाटील खळखळून हसले, आणि साऱ्या गावादेखत वाकून त्यांनी सटवाजीला नमस्कार केला.