सगुणानं पळवलेला पिंड

फार फार वर्षांपूर्वीची, कावळे माणसांशी बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात सगुणा नावाची सोळा वर्षांची मुलगी राहायची. घरात आई आणि पाठचा भाऊ म्हादू. म्हादूवर तिचा एवढा जीव, की ठेच त्याला लागायची आणि डोळे हिचे भरायचे.

त्या म्हादूला साप चावला आणि तो गेला.

दहाव्या दिवशी घाटावर भाताचा पिंड मांडला. पिंडाला कावळा शिवला की अडकलेला जीव मोकळा होतो आणि पुढच्या वाटेला लागतो, हे सगुणाला ठाऊक होतं. तिथंच तर घात झाला. एक म्हातारा कावळा खाली उतरला, चोच लावणार, तोच तिनं पिंड उचलला आणि पदराखाली धरून घराकडे पळाली. माणसं बघतच राहिली.

कावळा मागोमाग उडत आला. म्हणाला, "पोरी, पिंड खाली ठेव. तुझा भाऊ उपाशी राहील."

"राहू दे," सगुणा म्हणाली. "माझ्याजवळ तर राहील."

संध्याकाळी म्हादू खरोखरच दारात येऊन बसला. सगुणाला आभाळ ठेंगणं झालं. दोन दिवस दोघं पोटभर बोलली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आक्का, भूक लागलीय गं." तिनं भाकरी वाढली. त्याच्या बोटांना भाकरी लागेचना.

मग गप्पा संपल्या, भूक तेवढी उरली. "आक्का, मला जाऊ दे," तो म्हणायचा. ती म्हणायची, "थोडे दिवस थांब." थोडे दिवस म्हणे! असे थोडे दिवस कुणाचे कधी संपलेत का?

पिंड तिनं मडक्यात झाकून ठेवला होता. त्याला कुणी शिवू नये म्हणून ती गोफण घेऊन अंगणात बसायची आणि दिसेल त्या कावळ्याला मारायची. तो म्हातारा कावळाही तिच्याच धोंड्यानं मेला. उरलेले कावळे गाव सोडून गेले.

आत आई तापानं अंथरुणाला खिळली होती. "सगुणे, घोटभर पाणी दे गं," म्हणून हाका मारायची. सगुणाचं लक्ष आभाळाकडे. एका दुपारी हाका थांबल्या, तेव्हा कुठे ती आत गेली.

आईच्या दहाव्याला तिनं घाटावर दोन पिंड मांडले. एक आईचा, दुसरा म्हादूचा, वाळून खडा झालेला. हात जोडून ती दिवस मावळेपर्यंत काव काव करत राहिली. एकही कावळा आला नाही.

आता दारात दोघं बसतात. म्हादू भाकरी मागतो, आई पाणी मागते. सगुणा रोज दोघांना वाढते, आणि ताट रोज तसंच्या तसं उचलते.

बोध इतकाच: गेलेल्याला जो अडवून ठेवतो, तो त्यालाही उपाशी ठेवतो आणि जिवंत माणसालाही मुकतो.